भजन संपायच्या आत कोळंबी

पिंपळवंडीत सध्या फिरणारी बातमी अशी: नूतनकाकीनं सासऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ उतरवून खुंटीला अडकवली, त्यांना समोर बसवून ताटभर कोळंबी खाऊ घातली, आणि म्हाताऱ्याला ती एवढी लागली की त्यांनी हायवेकडची खोली तिथल्या तिथं सुनेला देऊन टाकली.

डेअरीवर दूध घालायला आलेली सरूबाई हे सांगताना आधी इकडं बघते, मग तिकडं बघते, पदर तोंडाशी नेते आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणते, "माझ्या डोळ्यांनी बघितलंय बया! बोटं चाटीत व्हतं म्हातारं!" रामनाथच्या सलूनमध्ये गेलं की एका ताटाची दोन ताटं होतात. "दोन ताटं, शेठ. वरून रस्सा पण पिला." रामनाथ वस्तरा गळ्यापाशी थांबवून बोलतो, त्यामुळे गिऱ्हाईकाला हो म्हणावंच लागतं.

आता खरं काय ते. मी खोलीच्या आत होते आणि सरूबाई रस्त्याच्या पलीकडं. माळ गळ्यातच होती. कोळंबीला आबांनी बोटसुद्धा लावलं नाही. बोटं मात्र चाटली, हे सरूबाईचं बरोबर आहे. आणि खोली मिळाली हेही बरोबर. पण ती कशी मिळाली ते डेअरीच्या रांगेत मावणारं नाही.

नूतनकाकी आमच्या शेजारची. माळशेज उतरलं की मुरबाडच्या बाजूला तिचं माहेर, म्हणून गावाच्या लेखी ती 'घाटाखालची'. लग्नाला वीसेक वर्षं झाली, मुलगा पुण्यात कॉलेजला गेला, तरी घाटाखालचीच. तिचं बोलणं सगळं इकडचं झालंय, फक्त कोळंबीला ती अजून 'कोलंबी' म्हणते. तेवढा एक शब्द तिनं घाट चढू दिला नाही म्हणा किंवा उतरू दिला नाही म्हणा. आमच्याकडं कुठलंही काम सांगितलं की माणूस "बघू" म्हणतो. मोटार दुरुस्त करणारा बघू, पाटाचं पाणी सोडणारा बघू, मुलीकडचे बघू, मुलाकडचेही बघू. काकी म्हणते, "करते." आणि चालायला लागते. चालते पण कशी, तर शेगडीवर दूध ठेवून आल्यासारखी.

तिचे सासरे म्हणजे रखमाजीआबा. माळकरी. घरात कांदा-लसूण चालतो, पण अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. दादाभाऊकाकांना, म्हणजे काकीच्या नवऱ्याला, मटण खायचं असलं तर गोठ्याच्या मागं वेगळी चूल, वेगळी पातेली, वेगळा चमचा, आणि खाऊन झाल्यावर अंघोळ. भर थंडीत दादाभाऊकाका रात्री हौदावर कुडकुडत अंघोळ करायला लागले की सगळ्या आळीला कळतं, आज रविवार.

आणि मासा? मासा म्हणजे आमच्याकडं सुकट. आठवड्याच्या बाजारात पोत्यावर ढीग घालून बसलेली, नाहीतर वाळलेले बोंबील. ज्या घरात सुकट भाजली जाते त्या घराचा पत्ता विचारायला लागत नाही. एकदा गोठ्यामागच्या चुलीवर काकीनं सुकट भाजली, तर आबा देवघरातून उठून थेट मळ्यात जाऊन झोपले. तेव्हापासून समुद्रातली कुठलीही वस्तू म्हटलं की आबांच्या डोळ्यांपुढं तो तवा यायचा.

अशा घरातल्या सुनेला हायवेवर खोली पाहिजे होती. कशाला? तर ताजी कोळंबी विकायला.

ही खोली रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या रानाच्या तुकड्यात आहे. पूर्वी तिथं रसवंती होती. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या गाड्या समोरून सुंसुं जातात. दादाभाऊकाका पिकअपमध्ये कोथिंबीर आणि टोमॅटो भरून रात्री कल्याणला नेतात आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन येतात. ही रिकामी गाडीच काकीच्या डोक्यात बसली. तिचं गणित असं: जाताना कोथिंबीर, येताना कोळंबी. बर्फाच्या खोक्यात. गाडीतून पाव्हणं उतरलं की हातपाय धुवून होईपर्यंत ताट समोर. तव्यावरची कोळंबी, तांदळाची भाकरी आणि आंब्याची कोशिंबीर. दुसरं काही ठेवायचं नाही.

पण खोलीवर एका टायरवाल्याचाही डोळा होता. तो सोमवारी बोलणी पक्की करायला येणार होता. त्याच्या आधीच्या बुधवारी काकीनं आबांपुढं विषय काढला. मी ताक मागायला गेले होते, ते भांडं हातात धरून तिथंच उभी राहिले.

आबा प्रत्येक वाक्याची सुरुवात "हे बघ" नं करतात आणि शेवट बारीक खोकून करतात. "हे बघ नूतन. टायरला वास न्हाई येत. खं."

"रबराला येतो की, आबा."

"हे बघ. रबराचा वास माझ्या नाकाला चालतो. माशाचा न्हाई चालत. वारा वरून खाली येतो. खोली वर, देऊळ खाली. देवापुढं भजन चालू आन नाकात सुकाट? खं."

"सुकट नाही आबा, कोलंबी."

"सगळं एकच."

"एक संध्याकाळ द्या मला," काकी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण उभं राहायची पद्धत अशी की बाजूनं जाता येऊ नये. "रविवारी तुम्ही भजनाला जा. मी खोलीत सैपाक करते, पाव्हणे जेवतील. भजन संपवून तुम्ही खोलीवर या. तुमच्या नाकाला माशाचा वास लागला तर सोमवारी टायरवाल्याला चहा मी स्वतः देईन आणि पुन्हा विषय काढणार नाही."

आबांनी बराच वेळ टाळांची दोरी नीट केली. मग म्हणाले, "भजन संपल्यावर येईन. तोवर पाव्हणं जेवून आटपलेलं पायजे. माझ्यासमोर कुणी तसलं खायचं न्हाई. आन दारात पाय ठेवल्यावर वास आला तर खोली टायरवाल्याची. खं."

"करते," काकी म्हणाली.

त्या "करते" वर माझा अजिबात विश्वास नव्हता. बाहेर आल्यावर मी तिला आबांच्या आवाजात म्हटलं, "हे बघ नूतन. मी दारातूनच नाक धरून माघारी फिरणार. खं." ती हसली आणि म्हणाली, "पैज लाव." मी लावली. ती हरली तर गणपतीत स्टेजवर तिचंच लुगडं नेसून मी तिची नक्कल करणार आणि तिनं पहिल्या रांगेत बसून बघायची. मी हरले तर महिनाभर कुणाचीही नक्कल बंद. सरांची नाही, कंडक्टरची नाही, आबांची तर नाहीच. मला वाटलं, मी फुकटचं स्टेज मिळवलं.

पाव्हणे गोरखभाऊ आणणार होता. त्याचे धरणाच्या कडेला तंबू आहेत. सुट्टीत पुण्याची माणसं तिथं मुक्कामाला येतात आणि चांदण्यांचे फोटो काढतात. गोरखभाऊ त्यांच्याशी बोलून बोलून निम्मा इंग्रजी झालाय. त्यानं फळ्यावर आधीच लिहून टाकलं होतं: आज रात्री सीफूड विथ फ्रेश मँगो साल्सा.

"हे साल्सा काय?" काकीनं फोनवर विचारलं.

"वहिनी, तुमची आंब्याची कोशिंबीरच ती. पण कोशिंबीर म्हटलं की लोक खातात आणि साल्सा म्हटलं की आधी फोटो काढतात."

रविवार उजाडला. पिकअप सकाळी पोचायला पाहिजे होती. दुपार झाली तरी पत्ता नाही. माळशेजात एका वळणावर कंटेनर आडवा झालेला, वर सुट्टीच्या गाड्या, सगळी रांग ठप्प. दादाभाऊकाकांचा फोन यायचा, तुटायचा, परत यायचा. "नूतन, गाडी चाकभर पण हलत न्हाई गं. बर्फ हाय पर. खोक्याला कांबळं गुंडाळलंय."

गोरखभाऊचाही फोन आला. "वहिनी, रिस्क नको राव. पनीर करा. गेस्टना मी मॅनेज करतो."

"पनीर तुमच्या तंबूत खा," काकी म्हणाली. "दिवे लागले की माणसं घेऊन या." आणि फोन ठेवून दिला.

मग तिनं घरच्या सैपाकघरात बसून कोशिंबीर करायला घेतली. घरच्याच विळीवर, घरच्याच पातेल्यात, कारण पाव्हण्यांत एक मावशी शाकाहारी होत्या आणि त्यांच्या पानाला मासळीची विळी लागायला नको. आंबा पूर्ण पिकलेला नाही घेतला. देठाशी दाबला तर जरासा विरोध करील असा घेतला. त्याच्या बारीक फोडी. त्यात कांदा, टोमॅटोचा फक्त गर, विस्तवावर भाजून चुरलेली हिरवी मिरची, ओंजळभर कोथिंबीर, थोडा पुदिना, जिरं आणि मीठ. लिंबू पिळलं नाही. "आत्ता पिळलं तर संध्याकाळपर्यंत रस सुटून त्याचं सार होईल," एवढं बोलून स्टीलच्या डब्याला झाकण लावलं. तोंडानं कोशिंबीर, डोळे रस्त्याकडं.

ऊन उतरलं. आबा धोतर झटकून, टाळ गळ्यात अडकवून देवळाकडं निघाले. खोलीपुढून जाताना मुद्दाम थांबले. आत भट्टी थंड, बिडाचा तवा उपडा, काकी रिकाम्या हातांनी उभी.

"काय गं, मासा पळाला का? खं."

"येतोय, आबा."

आबा गालात हसत पुढं गेले. देवळाच्या स्पीकरवर "हॅलो, हॅलो, माइक चेक" सुरू झालं आणि तेवढ्यात आळेफाट्याकडून काकांची पिकअप हॉर्न वाजवत आली. दादाभाऊकाकांनी खोका उतरवला तर बर्फाचे खडे अजून खणखणत होते. काकीनं नवऱ्याला उशीर का झाला विचारलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "हात धुवा आणि बसा."

मी पुढं झाले तर माझ्या हातावर फटका. "तू पैजेतली. लांब बस."

मग मी कांद्याच्या पोत्यावर बसून बघत राहिले, नवराबायकोची ती जुगलबंदी. काकीची एक कोळंबी म्हणजे तीन हालचाली: डोकं पिळून बाजूला, साल एका ओढीत, पाठीवर चीर देऊन काळा धागा बाहेर. काकांची एक होईपर्यंत हिच्या तीन. काका बडबडत होते, "अगं मी ड्रायव्हर हाय, मला टरफलं काढायला..." काकी म्हणाली, "ड्रायव्हर आहात ना? मग वेग वाढवा." सोललेली सगळी पुन्हा बर्फात. डोकी, सालं, धुतलेलं पाणी सगळं एका बादलीत, बादलीवर घट्ट झाकण. "विहिरीच्या पलीकडं खड्डा खणून ठेवलाय, त्यात घाला आणि वर माती ओढा. वास असतो तो ह्याचा." काका बादली घेऊन निघाले तशी आळीतली चार कुत्री शिस्तीत त्यांच्या मागं. पूर्ण गावात तेवढ्याच चौघांना त्या दिवशी कोळंबी कळली.

गोरखभाऊची माणसं आली. "वेलकम, वेलकम. वहिनी, गेस्ट हंग्री आहेत." पाव्हणे बाकावर टेकले, एकानं विचारलं, "किती वेळ लागेल?" काकी म्हणाली, "तुम्ही नळावर हात धुऊन या."

हळद, तिखट, मीठ, लसूण-आलं आणि लिंबू कोळंबीला चोळून झालं. बिडाचा तवा तापून त्याच्यावर धुराची रेघ उठली तेव्हाच तेल. एका वेळी तव्यावर गर्दी नाही, एकीला दुसरीचा धक्का लागता कामा नये. चर्र झालं, उलटली, पुन्हा चर्र. कोळंबी अर्धी वाकली की बाहेर. पूर्ण गोल झाली तर ती टायरवाल्याला विकायची, असं काकी म्हणाली. पहिलं ताट गेलं तेव्हा शेवटचा माणूस अजून नळावरच होता. दुसरीकडं तिनं हात धुऊन, डबा उघडून कोशिंबिरीवर लिंबू पिळलं, घरच्या चमच्यानं ताटाताटात तिचा ढीग, शेजारी भाकरी. पाव्हण्यांनी आधी फोटो काढले. मग बोलणं बंद झालं. गोरखभाऊनं विचारलं, "कसा आहे एक्सपीरियन्स?" तर एका बाईंनी तोंड भरलेलं असल्यामुळे फक्त हात वर केला. शाकाहारी मावशी दुसऱ्यांदा कोशिंबीर मागत होत्या.

आणि स्पीकर बंद झाला.

पेटीवाले धर्माजी कुणाच्यातरी लग्नाला गेले होते, त्यामुळे भजन निम्म्यातच उरकलं होतं. रस्त्यावर आबांची बॅटरी हलताना दिसली. तव्यावर शेवटची खेप, पाव्हण्यांची ताटं अर्धी. आटपलेलं काहीच नव्हतं. मला पैज जिंकत असल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, पण पोत्यावरून उठून ओरडले मीच.

"काकी, झाकण टाक! भट्टी घालव!"

"कशाला?" काकीनं उलथनं खाली ठेवलं नाही. "आबा आहेत. बिबट्या नाही." मग पाव्हण्यांकडं वळून म्हणाली, "जरा ताटं घेऊन मागच्या ओट्यावर बसा बरं. माझे सासरे माळकरी आहेत. त्यांच्यासमोर नको." ती माणसं बिचारी ताटं उचलून मागं गेली. खाणं मात्र कुणी थांबवलं नाही.

आबा दारात आले. नाक आधीच दाबलेलं. एका हातानं नाक, दुसऱ्या हातात बॅटरी. उंबऱ्याबाहेर थांबले आणि हळूच बोटं सैल केली, जणू आत फटाका ठेवलाय. एकदा हुंगलं. थांबले. पुन्हा हुंगलं.

"वास येतोय," आबा म्हणाले.

काकी तशीच उभी. "कशाचा, आबा?"

"लसणीचा." हुंगलं. "कोथमीर. आंबा हाय. मिरची भाजलीया."

"अजून?"

आबांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मागच्या ओट्यावर कुणाचा तरी चमचा पडला. "अजून काय न्हाई. मासा कुठाय? आलाच न्हाई का?"

"हा काय," काकी म्हणाली आणि उलथन्यानं तवा दाखवला. "तुमच्यापासून चार हातावर."

आबांनी बॅटरी तव्यावर मारली. लालबुंद कोळंबी चरचरत होती. त्यांनी घाईनं नाक धरलं, मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं आणि सोडलं. "ह्यो? आन वास कुठं गेला ह्याचा?"

"सुकट वाळून पोत्यात महिनाभर दाबलेली असते. ही बर्फातून उतरून तव्यावर आली. वाळकी मिरची खोकवते म्हणून तुम्ही रानात ढोबळी लावायची सोडली का?"

आबांनी बॅटरी तव्यावरून भट्टीवर आणि भट्टीवरून परत तव्यावर फिरवली. खोकायचंही विसरले. गोरखभाऊ मधेच "आजोबा, अ‍ॅक्च्युअली..." करायला गेला, त्याला काकीनं नुसतं बघूनच गप्प केलं. मग आबा म्हणाले, "भजन लवकर सुटलं. नाहीतर तुझं आटपलं असतं. ते मी धरत न्हाई."

"धरा," काकी म्हणाली. "उद्या गिऱ्हाईक असतानाच तुम्ही ह्या रस्त्यानं जाणार आहात. रोज जाणार आहात. तेव्हा आजचं सगळं धरूनच काय ते सांगा."

आबांनी बॅटरी विझवली. "हे बघ नूतन. मी वासाचं बोललो व्हतो. वास न्हाई. खोली तुझी. पर ही भांडी घराच्या उंबऱ्यात यायची न्हाईत. आन एकादशीला कुलूप. खं."

"एकादशीला कुलूप. कबूल. टायरवाल्याला तुम्ही सांगायचं."

"मीच सांगणार. माझा शब्द हाय त्याला, तू कशाला सांगतीस."

काकीनं हात धुतले, कोपरापर्यंत. घरच्या डब्यातली उरलेली कोशिंबीर एका केळीच्या पानावर काढली, घरून आणलेली भाकरी ठेवली, पान बाहेर दगडावर नेलं. "ह्याला मासळीचा चमचा लागलेला नाही. घरच्या सैपाकघरात केलीये." आबांनी आधी वास घेतला, सवयीनं. मग भाकरीचा तुकडा. मग भाकरी बाजूला राहिली आणि नुसत्या बोटांनीच सुरू झालं. आंब्याचा रस मनगटापर्यंत ओघळला, तो त्यांनी चाटून घेतला. हे चालू असताना डेअरीहून परतणारी सरूबाई रस्त्याच्या पलीकडं किटली घेऊन उभी होती. तिला मागं पेटलेली भट्टी दिसली, तव्याचा धूर दिसला, पुढं बोटं चाटणारे आबा दिसले. काळोखात गळ्यातली माळ काही दिसली नसावी.

पान पुसून झाल्यावर आबा खुशीत आले. मी त्यांना इतकं खुशीत कधीच बघितलं नव्हतं. पाव्हणेही मागच्या ओट्यावरून पुढं आले होते, गोरखभाऊ होता, दादाभाऊकाका खड्ड्याकडून कुत्र्यांसकट परतले होते. असा जमलेला प्रेक्षक गणपतीतसुद्धा मिळत नाही. आबांनी मान वळवली.

"ए श्रेये. तू माझा आवाज काढतीस म्हणं. गावभर ऐकवतीस, मलाच कधी ऐकवला न्हाईस. काढ बरं. ऐकूंदे ह्या पाव्हण्यांना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. 'हे बघ' माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. मी काकीकडं बघितलं. ती तवा घासत होती; वर न बघता तिनं एक बोट वर केलं, म्हणजे महिना एक.

"येत नाही मला, आबा," मी माझ्याच आवाजात म्हटलं.